रात्रीच्या फोटोग्राफीचा दोन रात्रींचा क्लास, बेळगाव: १८०० रुपये वसूल झाले का?

पाचपैकी साडेतीन देते. अर्धा स्टार कशाला कापला ते येईलच पुढं, आणि एक अख्खा कशाला कापला ते पण येईल, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे हा क्लास कुणासाठी आहे ते तुम्हाला कळेल. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, जीएसटी, चलन, कोण किती देणं लागतो, हेच दिवसभर. फोटोग्राफीशी काय संबंध नाही. घरात एक कॅनन १५००डी आहे, पोराच्या बारशाला नवऱ्यानं हौसेनं घेतलेला. बारसं झालं, जावळ झालं, पहिला वाढदिवस झाला आणि कॅमेरा जो कपाटात साड्यांखाली गेला तो गेलाच. पोरगा आता दुसरीत आहे.

मागच्या दिवाळीत तो बाहेर काढला, म्हटलं टेरेसवरून गावाचे दिवे काढूया. ऑटोवर ठेवून बटण दाबलं तर फ्लॅश उडाला आणि समोरच्या काकूंच्या पाण्याच्या टाकीचा अगदी स्वच्छ फोटो आला. फ्लॅश बंद केला तर सगळं गाव जिलेबी. मग यूट्यूब. तिथं प्रत्येकजण न्यूयॉर्क नाहीतर दुबईच्या पुलावर उभा, मागं निळं आकाश, गाड्यांच्या लांबलचक लाल रेघा, आणि सांगतोय की इट्स सो इझी. तेवढंच करून मी टेरेसवर गेले तर आमच्या इथं नुसता काळा कागद आणि मध्ये चार पांढरे डाग. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मग या सरांचा नंबर दिला.

सरांचं नाव, स्टुडिओचं नाव, गल्ली, काहीच लिहीत नाही. एक तर मी तक्रारी पण करणार आहे, दुसरं म्हणजे त्यांनीच सांगितलंय की जाहिरात नको, सहाच्या वर माणसं झाली की कुणाकडंच बघता येत नाही. तिलकवाडी साइडला गळ्यात कॅमेरा अडकवलेला कुणीही दिसला तर विचारा, तो सांगेल. साठी ओलांडलेले आहेत, रोलच्या काळापासून लग्नं काढलेली, डार्करूममध्ये बोटं पिवळी करून घेतलेली. शिकवतात मराठीत, समोरचा कन्नड असला तर कन्नडमध्ये, आणि सेकंद मोजतात मात्र कायम कन्नडमध्येच. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. पहिल्यांदा मला हसू आलं, खरं आता घरी मी पण तसंच मोजते, आणि पोरगा शाळेत जाऊन ते म्हणून दाखवतो.

फी १८०० रुपये, दोन रात्री, शनिवार आणि रविवार, ट्रायपॉड नसला तर भाड्यानं २०० वेगळे. आमच्या बॅचला सहाजण होतो. इंजिनिअरिंगची दोन पोरं, एक लग्नाचे व्हिडिओ काढणारा, गोकाकहून खास आलेल्या बँकेतल्या एक बाई, मी, आणि एक पोरगा नुसता मोबाईल घेऊन आलेला. त्याला आम्ही सगळे मनातल्या मनात हसलो होतो. ते पण पुढं सांगते.

आता तो अख्खा स्टार. सहा वाजता बोलावलं होतं, मी पोराला आईकडं सोडून, घामाघूम होऊन पावणेसहाला हजर. जानेवारीचा शेवट, आपल्याकडं सूर्य साडेसहाच्या जरा आधी मावळतो. सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं, आणि त्यानंतर साधारण वीसच मिनिटं आकाशाचा उजेड आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड बरोबरीत येतात. शहराचे रात्रीचे चांगले म्हणून जे फोटो आपण बघतो ते निम्म्याहून जास्त या वीस मिनिटांतले असतात, रात्रीचे नसतातच. हे मला कुणी सांगितलं? सरांनीच. कधी सांगितलं? पावणेसात वाजता, स्टुडिओच्या माडीवर, चहा पीत पीत, खिडकीबाहेर आकाश तेच निळं होत असताना! एक इंजिनिअरिंगचं पोरगं खिडकीकडं बघायलंय, मी खिडकीकडं बघायलेय, आणि सर १९८० सालातल्या कुठल्यातरी एन्लार्जरची गोष्ट सांगायलेत. किल्ला तलावावर आम्ही पोचलो तेव्हा सात वीस झालेले आणि वर सगळं डांबर.

त्या माडीवरच्या तासातली एक गोष्ट मात्र ठेवण्यासारखी होती, तेवढी सांगते. १८३८ मध्ये पॅरिसला दागेर नावाच्या माणसानं खिडकीतून एका रस्त्याचा फोटो काढला, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी एक. भरदिवसा, गजबजलेला रस्ता, घोडागाड्या, माणसं. खरं फोटोत रस्ता मोकळा. कारण प्लेटवर फोटो उमटायलाच काही मिनिटं लागायची, आणि तेवढ्यात जो हलला तो गायब. दिसतो तो एकच माणूस, बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला, आणि त्याच्यापुढं वाकलेला पॉलिशवाला. सर म्हणाले, ‘लाँग एक्स्पोजर म्हणजे हेच. जे थांबतं ते राहतं, जे चालतं ते पुसतं, आणि चालणाऱ्याच्या हातात दिवा असला तर दिव्याची रेघ राहते.’ बाकीचं लेक्चर मी विसरले, हे नाही विसरले.

तलावावर गेल्यावर पहिलं काम म्हणजे कॅमेरा बॅगेतून काढायचाच नाही. पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, मच्छर मारायचे आणि बघायचं. कुठला दिवा लई भडक आहे, पाणी कुठून हलतंय, गाड्या कुठून वळतात. मला वाटलं वेळ काढायलेत, आधीच उशीर त्यात हे. खरं नंतर लक्षात आलं की यूट्यूबवर हेच नाही. तिथं आकडे मिळतात, बल्बवर टाका (म्हणजे आपण सोडेपर्यंत कॅमेऱ्याचा पडदा उघडाच), एफ ८ करा (हा लेन्सच्या भोकाचा आकडा, जितका मोठा तितकं भोक बारीक), वीस सेकंद. कुठं उभं राहायचं ते तुमच्या गावात कोण सांगणार? सरांनी मला हाताला धरून चार पावलं डावीकडं सरकवलं आणि तो घाणेरडा हॅलोजन बरोबर झाडाच्या बुंध्यामागं गेला. तेवढ्यानं फोटो बदलला. त्या चार पावलांचे मी हजार रुपये धरते.

मग सेटिंग. आयएसओ १०० (आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा तो आकडा), एफ ८, लेन्सवरचं स्टॅबिलायझर, म्हणजे हात हलला तर सावरून घेणारं यंत्र, ते बंद, कारण ट्रायपॉडवर हलण्यासारखं काही नसताना ते स्वतःच थरथरायला लागू शकतं. फोकस ऑटोवर ठेवला तर अंधारात लेन्स नुसती घर्र घर्र मागंपुढं करते, म्हणून स्क्रीनवर लांबचा एक दिवा दहापट मोठा करून हातानं रिंग फिरवायची, दिव्याचा ठिपका लहानात लहान झाला की थांबायचं, परत हात लावायचा नाही. बटण पण बोटानं दाबायचं नाही, दोन सेकंदाचा टायमर लावायचा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवायचा, वाऱ्यानं तो फडफडतो आणि कॅमेरा हलतो. लेन्सवर हौसेनं लावलेली यूव्ही काच काढायची, नाहीतर प्रत्येक दिव्याचं एक हिरवट भूत फोटोत दुसरीकडं दिसतं. मी सात वर्षं ती काच लावून फिरत होते, दुकानदारानं ‘लेन्सचं संरक्षण’ म्हणून चिकटवलेली.

आणि आता अकाउंटंटच्या आवडीचा भाग. अंधारात किती सेकंद उघडं ठेवायचं ते कळत नाही, तीस सेकंदाचा एकेक फोटो काढून बघत बसलं तर रात्र संपते. सरांचा हिशोब असा: आयएसओ ६४०० करा आणि बघा किती सेकंदात फोटो बरोबर येतो. तिथं जितके सेकंद लागले, साधारण तितकीच मिनिटं आयएसओ १०० ला लागतात. ६४०० म्हणजे १०० च्या ६४ पट, आणि मिनिटाचे सेकंद ६०, झालं की बरोबर! अर्ध्या सेकंदात नीट आला तर १०० ला तीस सेकंद. मला हे इतकं आवडलं की मी तिथल्या तिथं मोबाईलमध्ये तक्ता केला, १ ला १, पाव ला पंधरा सेकंद, असा. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यानं तो फोटो काढून घेतला माझ्याकडून.

तलावावर ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे, २०१८ मध्ये उभारलेला, आणि साहजिकच सगळ्यांनी कॅमेरे तिकडंच वळवले. इथं सगळ्यांचीच फजिती झाली. वीस सेकंदात खांब टोकदार येतो, पाणी काचेसारखं गुळगुळीत येतं, खांबाचं प्रतिबिंब पण मस्त, आणि वर झेंड्याच्या जागी धूर. वारा होता, झेंडा फडकत होता, म्हणजे तो ‘चालणारा’ झाला की नाही, दागेरच्या घोडागाडीसारखा. ते काय बघवेना. सरांनी दुसरा फोटो घ्यायला लावला, तोच कोन, आयएसओ वाढवून एकशेपंचविसावा भाग सेकंद, फक्त झेंड्यासाठी, आणि मग घरी दोन्ही जोडायचे. इथं त्यांच्या क्लासची दुसरी कमतरता दिसते, हे जोडायचं कसं ते ‘एडिटिंग पण शिकवणार’ म्हणून सांगितलेलं, ते शेवटी रविवारी रात्री वीस मिनिटांत उरकलं. लॅपटॉप एक, माणसं सहा, मागच्या दोघांना सरांची पाठच दिसली. अर्धा स्टार तिथं गेला.

माझा त्या रात्रीचा मात्र एकही फोटो धड आला नाही, आणि कारण कॅमेरा नव्हता. भाड्याचा ट्रायपॉड. प्रत्येक दिवा दोन दोन. एकाखाली एक, असं वाटावं की पाजून आणलेत. मी पाच वेळा फोकस केला, टायमर दहा सेकंदाचा केला, श्वास पण धरून बघितला, त्याचा काय संबंध, खरं माणूस करतो. दिवसभर फाउंड्रीत बसते, तिथली क्यूसीची, म्हणजे माल तपासणारी पोरं कास्टिंगवर बोट फिरवून वाळूचा खडा शोधतात ते बघितलेलं, म्हणून मी पण ट्रायपॉडच्या पायावर हात ठेवून बसले खाली. डाव्या पायाचा सगळ्यात खालचा जोड, तिथलं प्लास्टिकचं कुलूप बंद होत होतं, टक् असा आवाज पण येत होता, आणि तरी पाय मिलिमीटर मिलिमीटर आत सरकत होता. शपथ, बोटाला कळत होता. सरांना दाखवलं तर ते ‘हां, तो तसाच आहे’ म्हणाले! मग २०० रुपये कशाचे घेता हो?

पुढं त्यांनी जे केलं त्याला मात्र मी मनातून नमस्कार केला. स्कूटीच्या डिकीतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढला, ब्लेडनं बोटभर रुंदीची पट्टी कापली, जोडावर ताणून तीन वेढे दिले, वर गाठ. शिवाय सांगितलं की सगळ्यात बारीक पाय उघडायचेच नाहीत, मधला खांब वर करायचाच नाही, वाकून बघायला लागलं तर वाकायचं, आणि बॅग खाली हुकाला लटकवायची, ती पण जमिनीला टेकेल इतकी, नाहीतर वाऱ्यात बॅगच झोका घेते. ती ट्यूब अजून माझ्याकडं आहे. आता स्वतःचा ट्रायपॉड घेतला तरी बॅगेत ठेवते.

तिथून कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावर. इथं गाड्यांच्या रेघा काढायच्या म्हणून गेलो, आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं की पूल हलतो. नुसतं उभं राहिलं तर कळत नाही, खरं ट्रक गेला की पायाखाली बारीक गुदगुली झाल्यासारखं होतं, आणि फोटोत पलीकडच्या खिडक्या थरथरलेल्या. उपाय असा की अवजड गाडी जाऊ द्यायची, मग पाच सहा मोजून बटण दाबायचं, स्कूटर-रिक्षा गेल्या तर काही होत नाही. तिथंच बीटचे दोन पोलिस आले. ‘एन् माडाकत्तीरी इल्ली?’ म्हणजे इथं काय करायलाय. गोकाकच्या बाईंनी पुढं होऊन कन्नडमध्ये सगळं समजावलं, सरांनी पोलिसांना स्क्रीन दाखवली, त्यातल्या एकानं विचारलं की आमच्या जीपचा लाल-निळा दिवा लावून गेलो तर कसा येईल. आणि खरंच लावून गेले! सगळ्यांच्या कार्डात तो फोटो आहे. सरांनी त्यावरून एक नियम सांगितला तो कायम लक्षात ठेवा, कॅम्प भागात, मिलिटरीच्या भिंती-गेटाच्या आसपास ट्रायपॉड उघडायचा नाही, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर तिथं आहे, ‘मी हौशी आहे’ हे तिथं चालत नाही. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधचं पण तसंच, लायटिंग लई सुंदर असते, खरं हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत बंदोबस्तात ट्रायपॉड घेऊन हायवेला उभं राहायचं धाडस करू नका.

रात्री अकराला घरी. नवऱ्यानं विचारलं, काय काय काढलंस? मी म्हटलं, मच्छर.

रविवारी मी तोंड उघडलं. सकाळीच ग्रुपवर लिहिलं की सर, माडीवरचा चहा राहू दे, सगळ्यांनी थेट तलावावर सहा वाजता भेटूया. इंजिनिअरिंगच्या पोरांनी अंगठे टाकले. सरांचं अर्धा तास उत्तर नाही, मला वाटलं चिडले. मग आलं, ‘ओके. पावणेसहा.’ आणि पावणेसहाला स्वतः हजर होते. म्हणूनच एकच स्टार कापलाय, नाहीतर दोन जाणार होते.

ती वीस मिनिटं मात्र काय सांगू. सूर्य गेला, पहिल्यांदा काही वाटत नाही, आकाश फिकट आणि दिवे मिणमिणते. सर म्हणतात, थांब. काढू नको. मग पाणी आणि आकाश दोन्ही हळूहळू शाईत बुडवल्यासारखं व्हायला लागलं, डोळ्यांना जितकं निळं दिसतं त्याच्यापेक्षा स्क्रीनवर कितीतरी जास्त, कारण सेन्सर वीस सेकंद तो उजेड साठवत बसतो, आपल्या डोळ्याला साठवता येत नाही. एफ ११, पंधरा सेकंद. मग दर तीन-चार मिनिटांनी आकाश काळवंडेल तसा वेळ वाढवायचा, वीस, पंचवीस, तीस. दिव्यांना छान सहा टोकांचे तारे आले. त्याचं कारण पण गमतीचं आहे, माझ्या लेन्सच्या आतलं भोक लहान-मोठं करायला सहा पाती आहेत म्हणून सहा टोकं. पाती सम असली तर तितकीच टोकं, विषम असली तर दुप्पट, बँकेतल्या बाईंच्या लेन्सला सात पाती, त्यांना चौदा टोकांचे तारे. मला जरा जळफळाट झाला.

मधेच माझा कॅमेरा मेला. तीस सेकंदाचा फोटो झाला, खटका ऐकू आला, आणि स्क्रीनवर बिझी. बटण चालेना. आकाश चाललंय हातातून आणि हा बिझी. मी घाबरून बॅटरी काढली आणि फोटो गेला. ते मेलेलं नव्हतं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन म्हणून एक सेटिंग असतं, ते चालू असलं की कॅमेरा तीस सेकंदाच्या फोटोनंतर पडदा बंद ठेवून परत तीस सेकंदाचा काळा फोटो काढतो आणि सेन्सरवर जे लाल-निळे खोटे ठिपके येतात ते त्यावरून वजा करतो. आमच्या भाषेत डेबिट-क्रेडिट. चांगलं सेटिंग आहे, खरं निळ्या आकाशाच्या वीस मिनिटांत प्रत्येक फोटोमागं तेवढाच वेळ ते खातं. त्या वेळी बंद ठेवा, मग अंधार पडल्यावर चालू करा.

पुढं चन्नम्मा चौक. तिथं सिग्नलचं गणित जुळवायचं असतं, कुठली बाजू कधी सुटते ते दोन-तीन फेऱ्या बघायचं, आणि सुटायच्या एक सेकंद आधी पडदा उघडायचा. बस गेली की रेघ डोक्यापेक्षा उंचावर येते, रिक्षाची खाली, आणि सायकलवाला, ज्याला दिवाच नाही, तो बिचारा फोटोत नाहीच. एक गोष्ट मला कुणी सांगितलेली नव्हती. काही नव्या स्कूटरच्या मागच्या दिव्याची रेघ अखंड येत नाही, तुटक तुटक येते, शिलाई मशीनच्या टाक्यासारखी. हे एलईडी एका सेकंदात कितीतरी वेळा चालू-बंद होत असतात, डोळ्याला कळत नाही, फोटोत कळतं. जुन्या बल्बच्या गाडीची रेघ अजून सलग येते. मी बराच वेळ फक्त तेच झूम करून बघत होते.

रंगाचं पण तिथंच कळलं. एलईडीचा उजेड पांढरा, जुन्या सोडियमच्या दिव्याचा पिवळाधम्मक, आणि एकाच फोटोत दोन्ही आले की व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं ते, कुणाचा धरायचा? सर म्हणाले, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग पक्के न केलेल्या कच्च्या फाइलीत काढ आणि घरी ठरव, खरं सोडियमला पांढरं करायला जाऊ नकोस, त्याच्या उजेडात बाकीचे रंग जवळजवळ नसतातच, तू आणणार कुठून.

मोबाईलवाल्या पोराचं सांगायचं राहिलं. त्यानं एका स्वस्त होल्डरनं मोबाईल ट्रायपॉडवर बसवला, प्रो मोडमध्ये आयएसओ ५० आणि दहा सेकंद, आवाजानं क्लिक. त्याच्या रेघा आमच्यातल्या चौघांपेक्षा चांगल्या आल्या. मोठ्या प्रिंटला फरक कळेल म्हणे, खरं प्रिंट कोण काढतंय. तेव्हा कॅमेरा नाही म्हणून थांबू नका, होल्डर आणि बऱ्यापैकी ट्रायपॉड घ्या, बास.

शेवटी सरांनी स्वतःचं हत्यार काढलं. मिठाईच्या बॉक्सचं झाकण, आपल्या कुंद्याच्या अर्ध्या किलोच्या बॉक्सचं, त्याला आतून काळा वेल्वेट कागद चिकटवलेला, कडा वापरून वापरून मऊ झालेल्या. कॅमेरा बल्बवर ठेवायचा, पडदा उघडाच, आणि लेन्सपुढं हे झाकण धरायचं. हवा तो क्षण आला की झाकण बाजूला, गेला की परत पुढं. म्हणजे एकाच फोटोत हवं तेवढंच मोजून घालायचं. झाकण लेन्सला लागू द्यायचं नाही आणि एका जागी स्थिर धरायचं नाही, जरा हलवत राहायचं, नाहीतर त्याची कड फोटोत उमटते. सर मोजायलेत, ओंदु, एरडु, झाकण बाजूला, ऐदुला परत पुढं, आणि आम्ही सहाजण चन्नम्मा चौकात रात्री साडेदहाला मिठाईचे डबे हलवतोय. रिक्षावाले थांबून बघत होते.

बायकांसाठी एक स्वतंत्र ओळ. रविवारी आम्ही पावणेसहा ते साडेअकरा बाहेर होतो आणि बाथरूमची काहीही सोय नव्हती, शेवटी बँकेतल्या बाई आणि मी एका ओळखीच्या हॉटेलात जाऊन उगीच दोन चहा घेतले. सरांच्या हे डोक्यातच आलेलं नव्हतं. सांगितल्यावर ओशाळले, पुढच्या बॅचला बघतो म्हणाले. बाकी सुरक्षित वाटलं, सर कुणाला एकटं सोडत नाहीत, मला घराच्या कोपऱ्यापर्यंत स्कूटीवरून मागं मागं येऊन सोडलं. जाताना स्वेटर, टॉर्च, ओडोमॉस, जास्तीची बॅटरी न्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि थंडीतून घरात आणलेला कॅमेरा लगेच बॅगेतून काढू नका, काचेवर दव धरतं. पावसाळ्यात क्लास नसतो, आपल्याकडचा पाऊस बघता ते ठीकच आहे. बॅच साधारण दिवाळीनंतर सुरू होतात. ट्रायपॉड भाड्यानं घेणार असाल तर आधी पाय दाबून बघा. आणि ग्रुपवर रोज सकाळी सरांचं सूर्योदयाचं गुड मॉर्निंग येतं, म्यूट करता येतं.

क्लास संपल्यावर खरी परीक्षा वैशाखात झाली. आपल्याकडच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, माझ्या बहिणीचं सासर मारुती गल्लीत, त्यांच्या गॅलरीत मी संध्याकाळपासून ट्रायपॉड रोवून बसलेली, डाव्या पायाला सायकलची ट्यूब, हातात कुंद्याचं झाकण. एफ १६, आयएसओ १००, बल्ब. चित्ररथ थांबला की झाकण काढायचं, सरकायला लागला की पुढं धरायचं, ढोल-ताशाची पोरं नाचत गेली की दोन सेकंद उघडायचं, फक्त मशालीची रेघ यावी म्हणून. पोरगा शेजारी उभा राहून ओंदु एरडु. रात्री दीडपर्यंत एकवीस फोटो काढले, वीस फुकट. एकविसाव्यात खालची अख्खी गर्दी भगव्या धुरासारखी वाहत गेलीय, चेहरा एकाचा नाही, आणि त्या धुराच्या काठाला बॅरिकेडवर हात टेकून उभ्या उभ्या झोप लागलेला एक होमगार्ड. चाळीस सेकंद तो तसूभर हललेला नाही. टोपीपासून बुटाच्या लेसपर्यंत टोकदार.

सकाळी फोटो ग्रुपवर टाकला. दुपारी सरांचं उत्तर, ‘डावीकडची ट्यूबलाइट उडालीय, नुसता पांढरा डाग. झाकण तिरकं धरायचं होतं, तेवढीच बाजू झाकायची.’ झूम करून बघितलं. उडालीय.